आकडे नॉर्मल, तरी पोर आजारी : शिशाबद्दल आलेली चार पत्रं

या वेळी आलेल्या टपालात चार पत्रं शिशाबद्दलची निघाली. पहिल्या पत्राला मी जास्त जागा देते आहे, कारण त्या ताईंना उत्तराची घाई आहे. मला त्यांच्याहून जास्त घाई आहे.

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. आमचं गाव विट्याजवळ. मालक तमिळनाडूत सेलमला चांदीच्या गलाईत, म्हणजे चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत, दुकान टाकून पंधरा वर्षं झाली. खाली भट्टी, वर दोन खोल्या, तिथंच आम्ही राहतो. मुलगा चार वर्षांचा, वजन 14 किलो. त्याची सर्दी हटत नाही, रात्री छातीत घरघर होते, कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत खाजरे चट्टे उठतात. गावी आलो तेव्हा इथल्या डॉक्टरांनी दोघांच्या रक्तातलं शिसं तपासून घेतलं. मालकांचं 31 आलं, मुलाचं 6.8. रिपोर्टवर ‘10 पेक्षा कमी म्हणजे नॉर्मल’ असं छापलंय. मुलाच्या पांढऱ्या पेशी 8,200, त्याही नॉर्मल. मग शिशानं त्याची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे का, की मी उगाच घाबरते आहे? सासूबाई म्हणतात, या धुरात तीन पिढ्या वाढल्या, कुणाला काही झालं नाही. मला चौथा महिना आहे. — एक भगिनी, विटा

उत्तर : ताई, पत्रात तुमच्या मालकांचा आकडा आहे, मुलाचा आहे. तुमचा कुठे आहे? त्याच दोन खोल्यांत तुम्ही राहता, भट्टीवरचे कपडे तुम्हीच धुता, आणि तुम्हाला चौथा महिना आहे. हे उत्तर वाचून झालं की पहिलं काम तुमची स्वतःची तपासणी. का, ते सांगते, पण थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

तुमचा धंदा मला परका नाही. माझे थोरले मामा गलाईत होते. खानापूर-आटपाडीच्या माळावर पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून पोरं मुशी आणि चिमटे घेऊन देशभर गेली, त्यातलेच ते एक. दिवाळीला गावी आले की मामा पोट धरून बसायचे. चार-चार दिवस शौचाला होत नसे, चेहरा मातकट पांढरा. मी तेव्हा वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला होते. एकदा ते हसले आणि हिरडीच्या कडेनं निळसर रेघ दिसली. हेन्री बर्टन या इंग्लिश डॉक्टरनं 1840 साली वर्णन केलेली ती रेघ मी आठवड्यापूर्वीच पुस्तकात वाचली होती. त्यांच्या बोटातून थेंबभर रक्त काढून मी काचपट्टी केली. तांबड्या पेशींवर निळे ठिपके होते, कुणी टाचणीनं टोचल्यासारखे. शिसं बाधल्याची ती खूण.

त्यानंतर अख्खी नोकरी मी काचपट्ट्या पाहण्यात घालवली, आणि त्यातली बरीच वर्षं माझी समजूत अशी होती की शिसं बाधलं की असं दिसतं, आणि दिसलं नाही तर बाधलेलं नाही. ही समजूत चुकीची होती. तुमच्या मुलाची काचपट्टी माझ्यासमोर आली असती तर 6.8 ला मला एकही ठिपका दिसला नसता. मीसुद्धा ‘नॉर्मल’ लिहून मोकळी झाले असते. रिपोर्टवर छापलेला तो 10 चा आकडा त्याच जुन्या समजुतीचा आहे.

हा आकडा कसा घसरत आला ते बघा. अमेरिकेत 1960 च्या दशकात मुलांच्या रक्तात एका डेसिलिटरमागे, म्हणजे 100 मिलिलिटरमागे, 60 मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं चालतं असं मानत. 1991 साली तो आकडा 10 वर आला, 2012 साली 5 वर, आणि 2021 पासून तिथली सीडीसी ही आरोग्यसंस्था 3.5 धरते. यातला शेवटचा आकडाही सुरक्षिततेचा नाही. तिथल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांतली सगळ्यात जास्त शिसं असलेली अडीच टक्के मुलं वेगळी काढण्यासाठी आखलेली ती रेघ आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये सांगितलं की रक्तात 5 किंवा त्याहून जास्त शिसं निघालं तर ते कुठून येतंय हे शोधून बंद करा. त्याच संघटनेचं म्हणणं आहे की शिशाची निर्धोक अशी पातळी माहीत नाही. म्हणून 6.8 ला मी नॉर्मल म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं. सेलमहून आल्यावर किती दिवसांनी रक्त दिलंत ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन-तीन आठवडे गेले असतील तर तिथं असताना मुलाचा आकडा याहून मोठा असणार.

आता किती म्हणजे किती? चौदा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त साधारण एक लिटर. त्यात 6.8 च्या हिशेबानं सगळं मिळून शिसं झालं 68 मायक्रोग्रॅम. बारीक मिठाचा एक दाणा बोटाच्या टोकावर घ्या, त्याचं वजन जवळपास तेवढंच. एवढं शिसं त्याच्या सगळ्या रक्तात विरघळून फिरतं आहे. एवढ्यानं पांढऱ्या पेशी मरत नाहीत, म्हणूनच मोजणीत काही कमी दिसत नाही.

8,200 हा आकडा म्हणजे हजेरी. रोजगार हमीच्या कामावर मुकादम सकाळी हजेरी घेतो तशी. माणसं आली किती ते त्यावरून कळतं. कोण खणतंय, कोण बसून आहे, कोण भलत्याच जागी खणतंय ते कळत नाही. शिशाच्या थोड्या मात्रेनं बिघडतं ते हे शेवटचं.

आपल्या पांढऱ्या पेशींत मदतनीस टी पेशी असतात. त्या स्वतः जंतू मारत नाहीत, इतरांना कामाला लावतात. त्यांच्या दोन मुख्य टोळ्या समजा. पहिली टोळी पेशीच्या आत दडून बसणाऱ्या जंतूंच्या मागे लागते : विषाणू, क्षयाचे जंतू वगैरे. दुसरी टोळी जंतांवर आणि तसल्या बाहेरच्या पाहुण्यांवर अँटिबॉडीचा मारा करवते, आणि तीच चुकून धुळीवर, परागांवर, मांजराच्या केसांवर उठली की आपण त्याला अ‍ॅलर्जी म्हणतो. निरोगी मुलात दोन्ही टोळ्या एकमेकींना आवर घालतात. मायकल मॅकेब आणि डेव्हिड लॉरेन्स या अमेरिकी संशोधकांनी 1991 साली दाखवलं की शिशाचा या दोन टोळ्यांवर सारखा परिणाम होत नाही. पहिली मंदावते, दुसरी जोर धरते. पुढे प्रयोगशाळेतल्या उंदरांवर हेच पुन:पुन्हा दिसलं. म्हणून ‘प्रतिकारशक्ती कमी झाली का?’ या तुमच्या प्रश्नाला मला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. ती एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला नको तितकी जास्त, असं झुकलेलं पारडं आहे.

दुसऱ्या टोळीच्या सांगण्यावरून जी अँटिबॉडी तयार होते तिला आयजीई म्हणतात. दमा, इसब, शिंका यांच्या मागे बऱ्याचदा तीच असते. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या लहान मुलांच्या 1999 सालच्या अभ्यासात रक्तातलं शिसं वाढलं तसं आयजीई वाढलेलं आढळलं. इतरही काही देशांत असंच दिसलं. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानं 2012 साली हे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा 10 पेक्षा कमी शिसं आणि मुलांची अ‍ॅलर्जी यांच्या संबंधाचा पुरावा ‘मर्यादित’ आहे, असाच निर्वाळा दिला. मेंदूवरच्या परिणामाचा पुरावा मात्र त्यांनी पुरेसा म्हटला. हे मी मुद्दाम सांगते. घरघर आणि चट्टे शिशामुळेच, असं मी तुमच्या मुलाबद्दल लिहून देऊ शकत नाही. भट्टीचा धूर, तेजाबाची वाफ यांनीही लहान छाती खवळते. आणि चार वर्षांच्या धडधाकट मुलालाही वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होतेच. मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे दम्याच्या अंगानं नीट तपासून घ्या, शिशावर सगळं ढकलून ती तपासणी टाळू नका.

लसीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. चीनच्या क्वांगतुंग प्रांतात ग्वेयू नावाचं गाव आहे. जगभरचे मोडके संगणक तिथं आणून घरोघरी फोडत आणि वितळवत असत. घर आणि भट्टी एकाच छपराखाली, तुमच्यासारखंच. तिथल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांना हेपटायटिस बी ची लस दिलेली असूनही, ज्यांच्या रक्तात शिसं जास्त त्यांच्यात त्या लसीच्या अँटिबॉडी कमी आढळल्या. विषाणूची लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या एनके पेशींचं प्रमाणही तिथल्या मुलांत कमी भरलं. त्या मुलांच्या अंगात इतर धातूही होते, त्यामुळे सगळा दोष एकट्या शिशाला देता येणार नाही. पण यातून तुम्ही घ्यायचं ते एवढंच : एकही लस चुकवायची नाही. पाचव्या वर्षाचा बूस्टर वेळेवर द्या. कमी लागू पडलेली लससुद्धा न घेतलेल्या लसीपेक्षा पुष्कळ बरी.

आता तुमच्याबद्दल. गिळलेलं, हुंगलेलं शिसं रक्तात काही आठवडेच राहतं, पण त्यातलं बरंचसं हाडात जाऊन बसतं आणि तिथं वर्षानुवर्षं मुक्काम करतं. मोठ्या माणसाच्या अंगातल्या शिशापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त हाडात असतं. शरीर त्याला कॅल्शियम समजतं, म्हणून हे होतं. गरोदरपणात बाळाच्या हाडांसाठी आईच्या हाडांतलं कॅल्शियम निघतं, त्याबरोबर शिसंही निघतं, आणि वार (प्लॅसेंटा) त्याला अडवत नाही. बाळाच्या नाळेतल्या रक्तात जवळजवळ आईइतकंच शिसं सापडतं. प्राण्यांवरचे प्रयोग सांगतात की ज्या मात्रेनं मोठ्यांच्या प्रतिकारयंत्रणेला फारसं काही होत नाही, त्याच मात्रेचा परिणाम गर्भातल्या पिल्लांवर ठळक आणि टिकाऊ होतो, कारण तिथं ती यंत्रणा अजून मांडली जात असते.

म्हणून रक्त शिरेतून द्या. बोट टोचून नको, बोटावरच्या धुळीनं आकडा खोटा वाढतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गरोदरपणात कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, 500 मिलीग्रॅमच्या, दिवसाला दोन. त्या डब्यात पडून राहू देऊ नका. मेक्सिको सिटीत गरोदर बायकांना रोज 1,200 मिलीग्रॅम कॅल्शियम दिल्यावर त्यांच्या रक्तातलं शिसं सरासरी 11 टक्क्यांनी कमी झालं होतं. लोहाची गोळीही घ्या, पण कॅल्शियमबरोबर नको, मध्ये दोन तास जाऊ द्या. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडं शिसं जास्त ओढतं. मुलाचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या. नाचणीची भाकरी, आंबील, सत्त्व, जे तो खाईल ते द्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आणि त्याला उपाशीपोटी खेळायला सोडू नका. रिकाम्या पोटी शिसं कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि मुलं तशीही मोठ्यांच्या कैक पट शोषतात. मोठा माणूस गिळलेल्या शिशातलं साधारण दहा टक्के घेतो, लहान मूल निम्म्यापर्यंत.

हे सगळं मात्र दुय्यम आहे. भट्टी खाली आणि मुलगा वर, हे चालू राहिलं तर कोणत्याही नाचणीचा उपयोग नाही. चांदी गाळताना शिसं घालतात, ते मळ घेऊन जळतं, त्याचं मुरदाडशिंग होतं. थोडं राखेत मुरतं, थोडं धूर होऊन वर जातं. वर तुमची खोली आहे. माझं सांगणं आहे की बाळंतपण होईपर्यंत तुम्ही आणि मुलगा गावीच राहा, आणि तेवढ्यात मालकांनी राहती जागा भट्टीपासून वेगळी शोधावी. सेलमसारख्या शहरात भाडं वाढेल, हे मला कळतं. मामांनाही जमलं नव्हतं. पण तुमच्या दोन्ही मुलांसाठी यापेक्षा मोठा उपाय माझ्याकडे नाही.

नव्या जागेतही शिसं कपड्यांवरून येतं. भट्टीवरचे कपडे आणि चप्पल तिथंच राहू द्या, मालकांनी आंघोळ करूनच घरात यावं, मुलाला त्यानंतरच उचलावं. ते कपडे वेगळे धुवा, आणि सध्या तुम्ही धुऊ नका. घरात केरसुणी मारू नका, ती धूळ उडवते. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं वेगळ्या बादलीत खळबळा. अजून एक, मालकांना दाखवा ही ओळ : भट्टीवर बसून तळहातावर तंबाखू मळायची नाही. हातावरचं सगळं शिसं चुन्याबरोबर तोंडात जातं. मामांचं निदान झालं तरी ती चिमूट त्यांनी सोडली नाही. पुढे त्यांचा हात मनगटातून लोंबायला लागला.

मालकांचं 31 हा आकडाही सोडून देण्यासारखा नाही. त्यांचा रक्तदाब आणि मूत्रपिंडांची तपासणी करून घ्या, दर तीन महिन्यांनी शिसं तपासा. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यात शिशाची विषबाधा हा सरकारला कळवण्याचा आजार होता. पण त्या कायद्यातला कारखाना म्हणजे वीज वापरून किमान दहा कामगार. दोन-तीन माणसांच्या गलाईच्या दुकानापर्यंत तो कधी पोचला नाही. तिथं धुरांडं उंच करायचं, धूर ओढणारा पंखा बसवायचा की नाही, हे मालकांनाच ठरवावं लागतं. विट्यात गलाई बांधवांचा मेळावा भरला तर हे बोलायला मी यायला तयार आहे. कुणी बोलावलं नाही तरी येईन.

शिसं बाहेर काढणारी औषधं असतात, ती मागायला जाऊ नका. मुलांत 45 च्या पुढे ती देतात. अमेरिकेत 20 ते 44 आकडा असलेल्या 780 मुलांवर झालेल्या चाचणीत औषधानं रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धीच्या चाचण्यांत काही फरक पडला नाही, असं 2001 मध्ये जाहीर झालं. 6.8 ला उपाय एकच, शिसं येणं बंद करणं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासणं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तीन पिढ्या वाढल्या, हे खरं आहे. त्यांना फक्त विचारा, दिवाळीला गावी आलेल्यांपैकी कितीजणांचं पोट दुखायचं.

प्रश्न : मी बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिसं प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांना चिकटून एन्झाइम बंद पाडतं, असं शिकवलं. पण इतक्या थोड्या मात्रेत प्रतिकारपेशींचं वागणं त्यानं कसं बदलेल? — एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुझा प्रश्न आवडला. गंधकाचं खरं आहे, पण ते अर्धंच. हिमोग्लोबिन बनवण्याच्या साखळीतलं एक एन्झाइम शिसं असंच बंद पाडतं, जस्ताला हुसकून. उरलेलं अर्धं कॅल्शियमचं आहे.

टी पेशीला शत्रूची खबर लागली की तिच्या आत कॅल्शियमची लाट उठते. त्या लाटेवर प्रोटीन कायनेज सी नावाचं एन्झाइम जागं होतं आणि पेशी वाढायची की नाही, कोणता निरोप सोडायचा, ते पुढं ठरत जातं. मार्कोव्हाक आणि गोल्डस्टाइन यांनी 1988 साली दाखवलं की उंदराच्या मेंदूतून काढलेलं हे एन्झाइम शिशानंही जागं होतं, आणि तेही पिकोमोलर मात्रेला, म्हणजे लिटरमागे मोलचा लाख कोटीवा भाग अशा हिशेबानं. कॅल्शियम मात्र त्याच्या हजारो पट लागतं. म्हणजे किल्ली खोटी, पण कुलूप खऱ्या किल्लीपेक्षा सहज उघडतं.

हातात पेन्सिल घे. वरच्या पत्रातल्या मुलाचं 6.8 म्हणजे लिटरमागे 68 मायक्रोग्रॅम. शिशाच्या अणुभारानं, 207 नं, भाग. साधारण 0.33 मायक्रोमोल येईल. लिटरभर रक्तात तांबड्या पेशी सुमारे साडेचार लाख कोटी. वाटणी केली तर दर पेशीमागे शिशाचे 44,000 अणू. रक्तातलं नव्व्याण्णव टक्के शिसं या तांबड्या पेशींतच अडकून असतं. उरलेला एक टक्का जरी रक्तद्रवात मोकळा धरला तरी तो 3 नॅनोमोलच्या आसपास, म्हणजे 3,000 पिकोमोल. एवढं सगळं टी पेशीच्या आत शिरतं असा याचा अर्थ नाही, बहुतेक वाटेत प्रथिनांना चिकटतं. पण ‘इतकं थोडं काय करणार?’ ही शंका मनातून जायला एवढा हिशेब पुरे.

टी पेशीला खबर देणाऱ्या डेंड्रायटिक पेशीही यात आहेत. शिशाच्या सान्निध्यात वाढवलेल्या या पेशी टी पेशींना दुसऱ्या टोळीकडे, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या बाजूला वळवतात, असं उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या पेशींवर 2007 मध्ये दिसलं. या सगळ्या पेशी हाडाच्या पोकळीत जन्मतात आणि अंगातलं शिसं हाडातच साठतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मॅक्रोफेजची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या पेशीनं जंतू गिळला की त्याला मारायला नायट्रिक ऑक्साइड लागतो. शिशानं तो कमी बनतो. त्याच वेळी टीएनएफ हा जळजळ वाढवणारा निरोप जास्त सुटतो. मारायचं हत्यार बोथट आणि आरडाओरडा मोठा. हेम्फिल आणि सहकाऱ्यांनी 1971 साली उंदरांना तीस दिवस शिसं टोचलं होतं, वरून काही दिसू नये इतकंच. मग साल्मोनेलाचे जंतू दिले, तर शिसं दिलेले उंदीर जास्त मेले. जंतू येईपर्यंत दोन्ही पिंजरे सारखेच निरोगी दिसत होते.

माणसांत बॅटरी कारखान्यातल्या कामगारांवर काम झालंय. ब्राझीलमध्ये अशा कामगारांच्या न्यूट्रोफिल पेशी जंतूकडे चालत जाण्यात मागे पडलेल्या आढळल्या. मोजणीत मात्र त्या हजर होत्या. पुढे प्रकल्प करायचा झाला तर पेशींची संख्या मोजू नकोस, त्यांची चाल मोज. काचेवर, जंतूच्या दिशेनं, मिनिटाला किती. आपल्याकडे बॅटऱ्या फोडणारी वस्ती कुठल्या शहरात नाही?

प्रश्न : हळदीत शिसं असतं असं ऐकलं. आता हळदही बंद करायची का? — एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : नको. हळदीच्या झाडात शिसं नसतं; कुणी कुणी हळकुंडाला चकाकी यावी म्हणून लेड क्रोमेट हा झगझगीत पिवळा रंग चोळतात, त्यातून ते येतं. बांगलादेशात 2019 साली बाजारातल्या हळदीच्या 47 टक्के नमुन्यांत शिसं निघालं. तिथल्या सरकारनं घाऊक बाजारात छापे घातले, दंड केले, लोकांना सांगितलं. 2021 मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. दोन वर्षांत! आपल्याकडेही हे होऊ शकतं, म्हणून मला त्या बातमीचा फार आनंद झाला होता.

तुम्ही अख्खी हळकुंडं आणा, ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळाली तर उत्तम, आणि चक्कीवर दळून घ्या. वरून मळकट, सुरकुतलेली दिसली तर ती चांगली खूण आहे. पाण्यात टाकल्याबरोबर पाणी भडक पिवळं झालं तर ती परत करा.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून माझा भाऊ एका ओळखीच्या माणसाकडून भस्माच्या पुड्या आणतो आणि लहान पुतण्यालाही मधातून चाटवतो. त्यात धातू असतात का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : असू शकतात. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून विकत घेतलेली 70 आयुर्वेदिक औषधं 2004 साली तपासली, त्यातल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आयुर्वेदात नाग म्हणजे शिसंच, आणि नागभस्म हे त्याचंच औषध. जाणता वैद्य ते कुणाला, किती आणि किती दिवस द्यायचं याचा विचार करतो. ओळखीचा माणूस नाव नसलेल्या पुडीत देतो तेव्हा तो विचार कुणीच केलेला नसतो. आणि प्रतिकारशक्तीसाठी चाटवलेल्या पुडीत शिसं असेल तर त्याचं काय होतं, ते वरच्या दोन उत्तरांत आलंच आहे.

पुतण्याला आजपासून ती पुडी बंद. उरलेल्या पुड्या फेकू नका, तपासणीला लागतील. भावावर रागावू नका, त्यानं प्रेमानंच आणल्या आहेत. मुलाचं रक्त शिरेतून द्या, शिसं आणि पारा दोन्ही तपासायला सांगा. रिपोर्ट आला की मला आकडा कळवा, शेजारी काय छापलंय ते नको. विट्याच्या ताई, तुम्हीही.